गुडघ्याचे रोबोटिक ऑपरेशन : कर्ज काढण्याआधी हे वाचा

रिक्षाच्या पाठीवर, बसथांब्यावर, मोफत तपासणी शिबिराच्या पत्रकावर सध्या एक शब्द ठळक दिसतो : रोबोटिक. सोबत हसणाऱ्या आजी-आजोबांचा फोटो आणि ‘वेदना नाही, लवकर घरी’ असे आश्वासन. हे पत्रक हातात घेऊन वस्तीतल्या माय-बहिणी आमच्याकडे येतात आणि तीन प्रश्न विचारतात. ऑपरेशन रोबोट करतो का? साध्या पद्धतीने केले तर गुडघा बिघडतो का? आणि एवढे पैसे आणायचे कुठून?

उत्तर सुरुवातीलाच देतो. रोबोट हे डॉक्टरांच्या हातातले एक चांगले हत्यार आहे. ते मिळाले तर वाईट काही नाही. पण त्याच्यासाठी दागिने मोडावेत, खोली गहाण टाकावी किंवा नातवाच्या फीचे पैसे वापरावेत, एवढा मोठा फरक त्याने पडतो असे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही. हे असे का, ते आता नीट समजून घेऊ.

गुडघा का झिजतो

गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांना भेटतात. दोन्हींच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. वय, वाढलेले वजन, जुनी दुखापत आणि वर्षानुवर्षांचे कष्ट यांनी हा थर झिजतो. मग हाडावर हाड घासू लागते, सूज येते, पाय बाहेरच्या बाजूला वाकतो. डॉक्टर याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. आपल्या बोलण्यात ‘वंगण संपले’, ‘गॅप कमी झाली’ असे म्हणतात ते हेच.

हा आजार बायकांना जास्त होतो, पाळी गेल्यानंतर तर अधिकच. त्यात आपल्या वस्तीतले काम पाहा. उकिडवे बसून धुणी-भांडी, झाडलोट, डोक्यावर विटा-वाळूची पाटी, बंद लिफ्टच्या इमारतीत रोज चार-पाच मजले चढणे-उतरणे. ज्या गुडघ्यांनी घर चालवले तेच आधी झिजतात, आणि त्यांच्यावर खर्च करायची वेळ आली की हातात पैसा नसतो. म्हणूनच आपल्या घरांत हा निर्णय डोळसपणे व्हायला हवा.

ऑपरेशनमध्ये नेमके काय करतात

‘गुडघा कापून काढतात आणि दुसरा बसवतात’ अशी अनेकांची समजूत आहे. तसे होत नाही. दोन्ही हाडांच्या टोकांवरचा झिजलेला, सुमारे ८ ते १० मिलिमीटरचा भाग तासून काढतात. मांडीच्या हाडावर धातूची टोपी बसते, नडगीच्या हाडावर धातूची बैठक बसते आणि दोघांच्या मध्ये पॉलिएथिलिन या मजबूत प्लॅस्टिकची गादी येते. काहींच्या वाटीच्या मागेही प्लॅस्टिकची चकती लावतात. आपल्या नसा, स्नायू, कातडी सगळे आपलेच राहते.

हे ऑपरेशन चांगले आहे, घाबरण्यासारखे नाही. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासानुसार, पूर्ण बदललेल्या शंभरपैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षांनंतरही टिकून होते. यातले बहुतेक गुडघे रोबोटशिवाय, साध्या अवजारांनी बसवलेले होते. ही गोष्ट जाहिरातीत कुणी सांगत नाही.

रोबोट काय करतो, काय करत नाही

हाडांच्या ऑपरेशनमध्ये यंत्र वापरणे काल-परवाचे नाही. अमेरिकेत १९९२ साली ‘रोबोडॉक’ नावाच्या यंत्राच्या मदतीने एका रुग्णाच्या खुब्याचे ऑपरेशन झाले होते. त्यानंतर यंत्रे सुधारत गेली आणि आता आपल्या शहरांतल्या अनेक रुग्णालयांत ती आली आहेत.

काम असे चालते. काही यंत्रांसाठी आधी पायाचा सीटी स्कॅन काढतात. काहींना तो लागत नाही. थिएटरमध्ये मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बारीक पिना बसवून त्यांवर खुणेचे छोटे स्टँड लावतात. कॅमेरा त्या खुणा पाहतो, आणि तुमच्या हाडाचा नकाशा संगणकाच्या पडद्यावर येतो. किती कापायचे, कोणत्या कोनात कापायचे याचा आराखडा डॉक्टर त्यावर ठरवतात. पुढे बहुतेक यंत्रांत करवत डॉक्टरांच्याच हातात असते. यंत्राचा हात तिला ठरलेल्या रेषेबाहेर जाऊ देत नाही, किंवा कापण्याची पट्टी नेमक्या जागी धरून ठेवतो. काही यंत्रे हाड स्वतः तासतात, पण तीही डॉक्टरांनी आखलेल्या आराखड्याप्रमाणे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

म्हणजे ऑपरेशन डॉक्टरच करतात. चीर तेच देतात, स्नायू-शिरांचा ताण तेच सांभाळतात, सांधा तेच बसवतात, टाके तेच घालतात. नवखा चालक असेल तर नव्या गाडीचा काय उपयोग? म्हणून यंत्र कोणते यापेक्षा डॉक्टरांनी अशी किती ऑपरेशने केली आहेत हा प्रश्न आधीचा.

ऑपरेशन थिएटरमध्ये आणि वॉर्डात रात्रपाळ्या केलेल्या आम्हाला आणखी एक सांगावेसे वाटते. रुग्ण बरा होतो की नाही हे ज्या गोष्टींवर ठरते, त्यातल्या बऱ्याच रोबोटच्या हातात नाहीत. साखर ताब्यात आहे का, थिएटरची आणि अवजारांची स्वच्छता कशी आहे, जखमेची निगा कोण घेते, फिजिओथेरपी वेळेवर होते का, घरी वर खेचणारा हात आहे का. ही कामे माणसांचीच आहेत.

फायदा किती

खरे ते सांगितले पाहिजे. रोबोटने हाड ठरलेल्या कोनात जास्त अचूक कापले जाते, चुकीच्या कोनात बसलेल्या सांध्यांचे प्रमाण कमी होते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत दुखणे थोडे कमी असते, असेही काही अभ्यासांत दिसले आहे. पाय खूप वाकडा असेल, जुन्या फ्रॅक्चरमुळे हाडात सळई असेल किंवा गुडघ्याचा अर्धाच भाग बदलायचा असेल, तर अशी अचूकता जास्त उपयोगी पडू शकते.

पण रुग्णाला हवे असते ते चालणे, जिना चढणे, रात्रीची झोप. तिथे दोन्ही पद्धतींत मोठा फरक दिसत नाही. दक्षिण कोरियात रुग्णांचे दोन गट करून एकाचे रोबोटने आणि दुसऱ्याचे साध्या पद्धतीने ऑपरेशन केले आणि त्यांच्यावर सरासरी १३ वर्षे लक्ष ठेवले. २०२० साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : गुडघ्याचे काम, दुखणे आणि सांधा टिकणे यांत दोन्ही गट सारखेच. त्यातले यंत्र जुन्या पिढीचे होते हे खरे. आजच्या नव्या यंत्रांना अजून तेवढी वर्षे झालेली नाहीत, म्हणून ‘रोबोटिक गुडघा जास्त वर्षे टिकतो’ असे कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर पुरावा मागा.

रोबोटची स्वतःची थोडी जोखीमही आहे. पिनांच्या जागी क्वचित जंतुसंसर्ग किंवा हाडाला तडा जातो, आणि डॉक्टर त्या यंत्राला सरावलेले नसतील तर ऑपरेशनला वेळ जास्त लागतो. आणि कोणत्याही पद्धतीने केले तरी सुमारे पाचातला एक रुग्ण पूर्ण समाधानी नसतो. ‘वेदना नाही’ हे आश्वासन म्हणूनच खोटे. सुरुवातीचे दिवस दुखतेच, ते गोळ्यांनी आणि व्यायामाने आटोक्यात ठेवावे लागते.

बिल वाचायला शिका

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे कृत्रिम सांध्याच्या किमतीला मर्यादा घातली. सर्वांत जास्त वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा त्याआधी सरासरी दीड लाखाच्या वर छापील किमतीला विकला जात होता. मर्यादा ठरली ५४,७२० रुपये आणि वर जीएसटी. या मर्यादा पुढे वेळोवेळी बदलल्या आहेत, म्हणून चालू दर विचारून घ्या. बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवणे, त्यावर कंपनीचे नाव आणि बॅच क्रमांक लिहिणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. सांध्याच्या पाकिटावरचे स्टिकर तुमच्या फाइलमध्ये चिकटवलेले असते. त्याचा फोटो काढून ठेवा. पुढे कधी अडचण आली तर तोच पुरावा.

मात्र ही मर्यादा फक्त सांध्याला आहे. रोबोट वापरण्याचे शुल्क, थिएटरचे भाडे, डॉक्टरांची फी, खोलीचे भाडे यांना ती लागू नाही. म्हणून ‘पॅकेज’ या एका शब्दावर समाधान मानू नका. रोबोटसह किती आणि रोबोटशिवाय किती, असे दोन वेगळे कागद मागा. दोन्हींतला फरक म्हणजे तुम्ही रोबोटसाठी मोजत असलेली किंमत. तो आकडा डोळ्यांसमोर असला की घरातल्या चौघांना बसून विचार करता येतो.

आणखी एक गोष्ट गाठीला बांधा. गुडघा बदलणे ही तातडीची शस्त्रक्रिया नाही. शिबिरात एक्स-रे काढून ‘गॅप संपली, आज बुकिंग केले तर सवलत’ असे सांगितले, तर एक्स-रे घ्या, आभार माना आणि घरी या. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या अस्थिरोग विभागात दुसरे मत घ्या. एक्स-रे उभे राहून काढलेला असावा. झोपून काढलेल्या एक्स-रेत झीज किती आहे ते नीट कळत नाही.

योजना : आधी कार्ड, मग पैसे

महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचा लाभ महाराष्ट्रात एकत्रित मिळतो. २०२४ पासून शिधापत्रिकेचा रंग कोणताही असला तरी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. सांधे बदलण्याच्या शस्त्रक्रिया या योजनांत आहेत, पण काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात आणि प्रत्येक खासगी रुग्णालय प्रत्येक उपचार देत नाही. म्हणून आपल्या जिल्ह्यात गुडघ्याचे ऑपरेशन योजनेतून कुठे होते हे आधी विचारा. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. मदत क्रमांक १५५३८८ आहे, आणि आयुष्मानसाठी १४५५५.

शिधापत्रिका, आधार आणि तपासणीचे कागद घेऊन जा. ऑपरेशनआधी रुग्णालय योजनेकडून मंजुरी घेते. रोख भरून ऑपरेशन करायचे आणि नंतर कार्ड दाखवायचे, असे केल्यास पैसे परत मिळण्याची आशा धरू नका. योजनेतला उपचार कॅशलेस आहे. मंजुरी मिळाल्यावर ‘रोबोटचे वेगळे द्या’ असे कुणी म्हणाले, तर लेखी मागा आणि त्याच मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.

धर्मादाय रुग्णालयांचा मार्गही आहे. विश्वस्त संस्थांच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा आणि तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. घरात कुणी ईएसआयसीचा कामगार असेल तर त्याच्या आई-वडिलांना तिथून उपचार मिळतो का, तेही पाहा. आणि खासगी आरोग्य विमा असेल तर रोबोटिक शस्त्रक्रियेसाठी वेगळी मर्यादा घातली आहे का, हे पॉलिसीत वाचा. ती बऱ्याचदा असते.

डॉक्टरांना हे विचारा

कागदावर लिहून न्या. विचारताना लाजू नका. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.

१. माझी झीज कितपत आहे? ऑपरेशन लांबवता येईल का?
२. पूर्ण गुडघा बदलायचा की अर्धा? माझे वय कमी असेल तर हाड सरळ करण्याचे दुसरे ऑपरेशन चालेल का?
३. तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशने करता? रोबोटने किती?
४. माझ्या बाबतीत रोबोटचा खास फायदा कोणता?
५. सांधा कोणत्या कंपनीचा, कोणत्या धातूचा, किमतीला किती?
६. दोन्ही गुडघे एकाच दिवशी करणे माझ्या हृदयाला, साखरेला झेपेल का?
७. फिजिओथेरपी किती दिवस, कोण देणार, तिचे पैसे पॅकेजमध्ये आहेत का?

चौथ्या प्रश्नाला ‘नवीन टेक्नॉलॉजी आहे’ एवढेच उत्तर आले, तर ते तुमच्या प्रश्नाचे उत्तर नाही.

ऑपरेशनच्या आधी घरी करायचे

दुखणाऱ्या प्रत्येक गुडघ्याला ऑपरेशन लागत नाही. निदान तीन महिने मन लावून व्यायाम केला तर बऱ्याच जणांना आराम पडतो. ऑपरेशन करावेच लागले तरी आधी तयार केलेला स्नायू नंतर कामाला येतो.

पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, तो खाली दाबून पाचपर्यंत मोजा, सोडा. असे दहा वेळा. मग उताणे झोपून एक पाय सरळ ठेवून वीतभर उचला, पाचपर्यंत मोजा, हळू खाली ठेवा. तेही दहा वेळा. तिसरा व्यायाम खुर्चीचा : हात न टेकता उठा आणि हळू बसा, जमेल तेवढ्या वेळा. सकाळ-संध्याकाळ करा. दुखणे दुसऱ्या दिवसापर्यंत वाढलेले राहिले तर संख्या कमी करा, बंद करू नका.

वजन जास्त असेल तर एक किलो जरी उतरले, तरी चालताना प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. उकिडवे बसणे टाळा. स्टूल, उंच ओटा, कमोडची खुर्ची वापरा. विहारात वंदनेला खुर्चीवर बसलात तर कुणी कमी लेखणार नाही, आणि कुणी लेखले तर तरुण मंडळींनीच पुढे होऊन दोन खुर्च्या कायमच्या मांडाव्यात.

मेडिकलमधून स्वतःच घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या महिनोन्महिने खाऊ नका. त्यांनी पोटात अल्सर होतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंड बिघडते. बिगरनावाच्या पुड्या तर अजिबात नकोत. त्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेले असते.

ऑपरेशन कधी करावे, आणि नंतर काय

वरचे सगळे करूनही रात्रीची झोप मोडत असेल, शंभर पावले चालणे अवघड होत असेल, पाय वाकडा होत चालला असेल आणि एक्स-रेत झीज मोठी असेल, तर ऑपरेशन टाळत बसू नका. ‘आता वयाला काय करायचे गुडघे’ म्हणून आईला खाटेवर बसवून ठेवणे हाही अन्यायच. फार उशीर झाला तर गुडघा आखडतो, स्नायू वाळतो आणि ऑपरेशनचा फायदा कमी होतो.

जाण्याआधी साखर आणि रक्तदाब ताब्यात आणा. किडलेले दात, पायाची जखम, लघवीचा संसर्ग आधी बरा करा, कारण नव्या सांध्यात जंतू शिरले तर पुन्हा ऑपरेशन करावे लागू शकते. तंबाखू, मिश्री, बिडी बंद करा. जखम लवकर भरते.

ऑपरेशननंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. पहिले सहा आठवडे व्यायामाचे. इथे कंटाळा केला तर लाखाचे ऑपरेशन वाया जाते. पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू येऊ लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले तर १०८ ला फोन करा. जमिनीवर मांडी घालणे आणि उकिडवे बसणे बहुतेकांना सोडावे लागते, म्हणून घरात कमोडची सोय ऑपरेशनच्या आधीच करा. रोबोटच्या वरकड पैशांतून एक कमोडची खुर्ची, चांगला वॉकर आणि दोन महिन्यांची फिजिओथेरपी झाली, तर आईच्या चालण्याला त्याचा उपयोग जास्त होईल.

रोबोट योजनेत किंवा परवडणाऱ्या दरात मिळत असेल तर जरूर घ्या. मिळत नसेल तर मन खट्टू करू नका, आणि साधे ऑपरेशन म्हणजे गरिबांचे, कमी दर्जाचे ऑपरेशन असे कुणाला म्हणू देऊ नका. ही माहिती महिला मंडळात, बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवा. आणि ज्यांच्या घरात गुडघ्याचा एक्स-रे पडून आहे, त्यांच्यासोबत या आठवड्यात कुणीतरी आरोग्यमित्राकडे जाऊन या.